आंब्याखालच्या पट्टीत काय टिकेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विलेपार्ले पूर्वेला चार मजली इमारतीत तळमजल्यावर घर. इमारतीच्या उत्तरेला, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, पाच फूट रुंद आणि वीस फूट लांब मातीची पट्टी. पट्टीच्या पूर्व टोकाला जुना आंबा. गेल्या दोन पावसाळ्यांत तिथे लावलेले फर्न, पीस लिली, कॅलाथिया सगळे गेले. 'सावलीतली बहुवर्षायू झाडं' अशी यादी वाचून होस्टाचे सहा कंद मागवले, त्यातला एक कसाबसा जिवंत आहे. दरवर्षी नवी रोपं आणायला नकोत, एकदा लावली की राहतील अशी हवीत. आंब्याची फांदी छाटावी का, खत किती द्यावं, आणि उरलेल्या होस्टाचं काय करावं?

ताई, तुमची पीस लिली जुलैत पिवळी पडली, बुडाशी मऊ झाली आणि ओढल्यावर अलगद हातात आली असं तुम्ही लिहिलंय. उजेड कमी पडला तर पीस लिली फुलत नाही, पण अशी मरत नाही. ही मूळकूज आहे. मुंबईत वर्षभराचा पाऊस, दोन हजार मिलिमीटरहून जास्त, जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उघडीप मिळाली की उन्हातली माती दोन दिवसांत मोकळी होते. तुमच्या पट्टीत, दोन भिंतींच्या मध्ये आणि आंब्याखाली, तीच माती आठवडाभर चिंब राहते. मुळांना हवा मिळत नाही, मग बुरशी येते. सावलीच्या बागेत मी पाहिलेल्या मरणांपैकी बहुतेक मरणं अशीच आहेत, आणि प्रत्येक वेळी दोष सावलीला दिला जातो.

दुसरी गोष्ट त्या यादीची. होस्टा, ह्यूकेरा, ॲस्टिल्बी ही थंड प्रदेशातली झाडं. होस्टा मूळचा जपान, कोरिया, चीनकडचा. हिवाळ्यात तो जमिनीखाली झोपतो आणि नीट उठायला त्याला दीड-दोन महिने चार-पाच अंशांच्या आसपासची थंडी लागते. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ च्या एका रात्रीचं. म्हणजे मुंबईची सगळ्यात गार रात्रही होस्टाला पुरली नसती. आपल्याकडे झाडांचं वर्ष थंडीवर चालत नाही, पावसावर चालतं. सह्याद्रीतली कंदवर्गी झाडं पावसात उठतात, गणपती-दसऱ्याला भरात असतात आणि थंडीत पानं टाकून उन्हाळाभर जमिनीत पडून राहतात. बाग या वर्षाला धरून लावली की अर्धं काम झालं.

आता तुमची सावली. 'उत्तरेची बाजू म्हणजे कायम सावली' हे मुंबईत अर्धंच खरं आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला इतका कललेला असतो की चाळीस फूट उंच इमारतीची सावली उत्तरेला सुमारे ३६ फूट पडते. तेव्हा तुमची पट्टी पूर्ण अंधारी असते. पण मुंबईत शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, १५ मेच्या आसपास येतो आणि दुसऱ्यांदा २७-२८ जुलैच्या आसपास. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्याआधीही, एप्रिल अखेरीस, सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत ऊन तिरकं उत्तरेच्या बाजूला शिरतं आणि दुपारनंतर पश्चिमेकडून परत येतं. मेच्या मध्याला तर जवळजवळ दिवसभर. म्हणून डिसेंबरात जागा बघून लावलेल्या नाजूक कॅलाथिया मे महिन्यात कडेने करपतात आणि लोक म्हणतात, 'अहो, सावलीतच तर होतं.' जून-जुलैत ढग असतात म्हणून वाचतात. खरा घात एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंतचा.

आत्ता मे चालू आहे, पाहणीला याहून चांगली वेळ नाही. एखादा मोकळा रविवार घ्या. सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि साडेचार अशा चार वेळा पट्टीत जा, पांढऱ्या कागदावर एक फूट वरून हात धरा. सावली काळी आणि रेखीव पडली तर तिथे ऊन आहे. कडा पुसट पण हात ओळखू येतो, ती मोकळी सावली. काहीच उमटत नसेल तर ती गर्द सावली. आंब्याखाली बहुधा हलते कवडसे दिसतील. ते सगळ्यात मोलाचे, कारण अबोली, सोनटक्का यांना तेवढं पुरतं. चारही वेळच्या खुणा खडूने भिंतीवर करून ठेवा. माझा अंदाज आहे की तुमचं पश्चिम टोक उजळ निघेल, मधला भाग मोकळ्या सावलीचा आणि आंब्याच्या बुंध्याजवळचा भाग गर्द.

मातीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळं तिथेच आहे. जुन्या इमारतीच्या मागे जी 'माती' असते ती बहुतेक वेळा भराव असतो. एक फूट खणून पाहा: विटांचे तुकडे, प्लास्टर, चुन्याचे गोळे, फरशीचे कपचे. या राडारोड्यातल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि फर्नची पानं पिवळी पडतात, कितीही खत घाला. प्लास्टर आणि चुना वेचून काढा. विटांचे सुपारीएवढे तुकडे मात्र ठेवा, निचऱ्याला उपयोगी पडतात. मग वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा ते आठ इंच उंच करा. कडेला जांभा दगड लावला तर उत्तम, तो पाणी अडवत नाही आणि एक-दोन पावसाळ्यांत त्यावर शेवाळ येऊन सुंदर दिसतो. इमारतीच्या भिंतीपासून पूर्ण एक फूट जागा सोडा आणि तिथे खडी टाका. हे टाळलंत तर दोन वर्षांनी आतल्या भिंतीला ओल येईल आणि सोसायटी सगळी बाग काढायला लावेल. उतार भिंतीपासून बाहेर, गटाराच्या दिशेला. आंब्याच्या खोडापासून मात्र तीन फूट कुठलाही भराव नको. खोडावर माती चढवली की साल कुजते, आणि आंबा गेला तर तुमची सावलीच गेली.

भरायला दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, अर्धा भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, अर्धा भाग विटांचे तुकडे किंवा जाड रेती. कोकोपीट मी जमिनीतल्या सावलीच्या वाफ्यात घालत नाही. खिडकीतल्या कुंडीत ते चांगलं, पण आपल्या जुलैत ते स्पंजासारखं पाणी धरून बसतं.

नर्सरीतून आणलेल्या रोपाचं एक महत्त्वाचं. मुंबईत विकली जाणारी पुष्कळ रोपं बाहेरून येतात. आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून देशभर रोपं जातात. प्रवासात हलू नये म्हणून पिशवीतल्या मुळांभोवती बरेचदा घट्ट चिकणमातीचा गोळा असतो. सुरुवातीच्या वर्षांत मी गोरेगावच्या एका सोसायटीत जुलैच्या पहिल्या आठवड्यात चाळीस फर्न लावले होते. गणपतीपर्यंत नऊ उरले. मेलेले उपटून पाहिले तर प्रत्येकाचा गोळा जसाच्या तसा होता, बाहेर एकही मूळ आलेलं नव्हतं, आणि भोवतीच्या मऊ मातीतलं पाणी त्या गोळ्यात मुरून बसलं होतं. मला फार वाईट वाटलं, कारण त्या सोसायटीतल्या बायकांनी वर्गणी काढून ती रोपं आणली होती. तेव्हापासून पिशवी कापली की रोप अर्धा तास बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवते, बोटांनी बाहेरची निदान निम्मी चिकणमाती सोडवते आणि मुळं पसरून लावते. दोन-चार बारीक मुळं तुटली तरी हरकत नाही. रोप पिशवीत होतं तेवढंच खोल लावायचं, बूड जमिनीच्या अर्धा इंच वरच राहू द्या. उन्हाळ्यात आपण आळं करतो ते सावलीत पावसापूर्वी मोडून टाका. इथे झाड छोट्या उंचवट्यावर हवं.

लावायची वेळ दोन प्रकारची. जमिनीखाली झोपणारे कंद पाऊस सुरू व्हायच्या आधी लावायचे. अक्षय्य तृतीयेला लावणीचा जो मुहूर्त आपल्याकडे धरतात तो याच हिशेबाने बसतो. मृगाच्या सरी येईपर्यंत कंद जमिनीत स्थिरावतो. मेच्या अखेरीपर्यंत चालेल. पण नर्सरीतली पानांची रोपं, ॲग्लोनिमा, पीस लिली, फर्न, ही मी जुलै-ऑगस्टात कधीच जमिनीत लावत नाही. विसर्जनानंतर लावते. तेव्हा पाऊस ओसरत असतो, हवेत दमटपणा असतो, आणि ऑक्टोबरचा ताप सावलीत फारसा लागत नाही. पुढच्या जूनपर्यंत मुळांना आठ महिने मिळतात. तुम्ही दोन्ही वर्षं पावसाच्या उत्साहात जूनअखेर लावलंत, तिथे निम्मा खेळ गेला.

आता झाडं. आधी झोपणारी, कारण यादीत ती कधी नसतात आणि मला सगळ्यात प्रिय आहेत.

सोनटक्का पश्चिम टोकाला लावा. थोडं ऊन मिळालं तरच तो फुलतो, गर्द सावलीत नुसती पानं येतात. ओल त्याला आवडते, त्यामुळे वाफ्याचा सखल कोपरा त्याला द्या. दोन कंदांत अडीच फूट अंतर, तीन वर्षांत ती जागा भरते. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत संध्याकाळी सगळ्या घरात वास येईल. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो जमिनीलगत कापायचा.

पेव मोकळ्या सावलीत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पावसात पायवाटांच्या कडेने दिसतो तोच, जिन्यासारखा वळत जाणारा दांडा, लाल कणसातून येणारी पांढरी कागदी फुलं. तिथून उपटून मात्र आणू नका. वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहे, आणि नर्सरीत पेव मिळतो. त्याच्या शेजारी साधी हळद, आंबेहळद. सावलीत हळदीचे कंद बारीक होतील, पण पानं रुंद आणि कोवळी येतात. नागपंचमीच्या पातोळ्यांना, गणपतीच्या मोदकांखाली घालायला घरचं पान मिळेल. त्यात भुईचाफ्याचे चार-सहा कंद मिसळा: उन्हाळ्यात पान नसताना थेट जमिनीतून जांभळट पांढरं फूल येतं, पावसात पानं येतात. फुटबॉल लिलीही अशीच, मे महिन्यात लाल चेंडू. ती वर्षानुवर्षं एकाच जागी राहते आणि तिला हलवलेलं आवडत नाही.

या सगळ्यांची एकच अडचण. डिसेंबर ते मे जागा रिकामी दिसते, कुणीतरी साफसफाईत खणून टाकतं किंवा तुम्ही रोज पाणी घालून झोपलेला कंद कुजवता. प्रत्येक जागी बांबूची काडी रोवा. पानं पूर्ण पिवळी होईपर्यंत कापू नका, त्यातलंच अन्न कंदात उतरत असतं. पिवळी झाली की तिथलं पाणी तोडा.

रिकामेपण झाकायला मध्ये मध्ये सदा हिरवी झाडं. गर्द भागात हिरव्या पानांचा ॲग्लोनिमा, एक-एक फुटावर. लाल-गुलाबी पानांचे प्रकार उजेडाशिवाय रंग टाकतात, ते बुंध्याजवळ नकोत. ॲस्पिडिस्ट्रा मिळाला तर अवश्य घ्या. वाढ अतिशय संथ, पण काहीही सोसतो. मोकळ्या सावलीत पीस लिली, सव्वा फुटावर, यावेळी उंचवट्यावर. कडेला स्पायडर प्लांट. (याचीच एक चुलतबहीण सफेद मुसळी, तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, आपल्या बोरिवलीवरून पडलेलं. मला ते नाव उच्चारताना दरवेळी आनंद होतो.) अबोली कवडशांत, पश्चिमेच्या बाजूला, फुलं सरली की शेंडे खुडा म्हणजे पुन्हा फुटते. नागवेल भिंतीवर चढवायची असेल तर ही जागा तिला मानवेल, सावली आणि दमट हवा दोन्ही आहे, फक्त बुडाशी पाणी नको. सिंगोनियम आणि मनीप्लांट जमिनीत अजिबात सोडू नका, दोन वर्षांत आंब्यावर चढून फांद्या झाकतील. सॅन्सेव्हेरिया आणि झीझी प्लांट कुंडीतच ठेवा, आपल्या पावसात जमिनीत ते कुजतात.

एक काळजी: ॲग्लोनिमा, पीस लिली, डिफेनबेकिया, कॅलेडियम यांचं पान चावलं तर तोंड आणि घसा सुजतो. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर कडेला अबोली-हळद ठेवा. आणि भाजीचं अळू लावलंत तर शोभेच्या अळूपासून लांब, वेगळ्या कोपऱ्यात. ऋषिपंचमीच्या घाईत पानं अदलाबदल होता कामा नयेत.

आता आंबा. मोहर आला की तुडतुडे येतात, आणि जानेवारीपासून खालच्या पानांवर साखरेच्या पाकासारखा चिकटा पडतो. त्यावर काळी काजळी धरते. लोक समजतात खालच्या झाडाला रोग झाला. झाडाला काही झालेलं नसतं, पण पान उजेड घेऊ शकत नाही. त्या दोन-तीन महिन्यांत आठवड्यातून एकदा पाइपने पानं धुवा, रुंद पानं ओल्या फडक्याने पुसा. म्हणूनच आंब्याच्या थेट खाली मी गुळगुळीत, रुंद पानांची झाडं लावते. फर्नची झालर धुता येत नाही, काजळीने ती कायमची काळी होते. नेफ्रोलेपिस फर्न फांद्यांच्या घेराबाहेर लावा. एप्रिलमध्ये कैऱ्या पडतात आणि मुलं त्या वेचायला वाफ्यात येणारच, तेव्हा मधून तीन-चार लाद्या टाकून वाट करून द्या. खणताना आंब्याचं करंगळीहून जाड मूळ लागलं तर ते तोडू नका, रोप चार बोटं बाजूला सरकवा. पडलेली पानं फेकू नका. ती चिवट असतात, पायाने चुरून दोन इंच थर पसरा, फक्त रोपांच्या बुडापासून चार बोटं लांब. पावसाळ्यात हा थर पातळ करा, नाहीतर गोगलगायींना घर मिळतं.

पाण्याचं साधं गणित: बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, ओल लागली तर पाणी नाही. हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी, मार्च-एप्रिलमध्ये दिवसाआड, मेमध्ये रोज सकाळी. हे सगळं हिरव्या झाडांसाठी. वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी वाफ्यात टपकत असेल तर पाइप लांबवून बादलीत घ्या. एकाच जागी चोवीस तासांचं टपकणं हे बारमाही पावसासारखंच असतं. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पालथ्या करा, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

कीड-रोगांचं थोडक्यात. पावसात रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा, हातमोजे घालूनच, आणि साबणाच्या पाण्यात टाका. संध्याकाळी ओलं गोणपाट अंथरलं तर सकाळी त्याखाली जमलेल्या सापडतात. मीठ मातीवर टाकू नका. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापसाने पुसा, मग निंबोळी तेल. घुशी सोनटक्का-हळदीचे कंद उकरतात. तळमजल्यावर त्या असतातच, म्हणून कंदांच्या वर मातीखाली कोंबड्यांची जाळी अंथरा, कोंब भोकांतून वर येतात.

खत कमी. सावलीत वाढ संथ असते, जास्त दिलेलं खत झाड घेत नाही. वर्षातून दोनदा, पावसाच्या तोंडावर आणि दसऱ्याच्या सुमारास, प्रत्येक झाडाला दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. युरिया नको, पानं लुसलुशीत होऊन लोळतात आणि कीड आधी त्यांच्यावर येते.

फांदीबद्दल: स्वतः किंवा माळ्याकडून छाटू नका. राज्याच्या १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. विलेपार्ले पूर्व के पूर्व विभागात येतं, तिथल्या उद्यान खात्याकडे सोसायटीच्या नावाने अर्ज द्या. पण आधी मेच्या त्या रविवारच्या खुणा बघा. पश्चिमेकडे कवडसे येत असतील तर छाटणीची गरजच नाही. उजेड खरंच हवा असेल तर कंपाउंडच्या भिंतीला आतून पांढरा चुना लावा. त्या अरुंद पट्टीत एवढ्यानेही लख्ख फरक पडतो. चुन्याचे ओघळ वाफ्यात येणार नाहीत एवढं बघा.

आणि तो एक होस्टा. तुम्ही त्याला दोन वर्षं जपलंय, तेव्हा फेकून द्या म्हणणार नाही. जमिनीतून काढा, सहा इंची मातीच्या कुंडीत निचऱ्याच्या मातीत लावा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी ठेवा. दरवर्षी तो आणखी लहान पान काढेल आणि एके वर्षी काढणार नाही. त्याची जमिनीतली जागा या महिन्यातच सोनटक्क्याला द्या, दोन बोटं खोल, डोळा वर करून.